पगार पोचवणाऱ्या प्रोग्रामची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. तुमचे आईबाबा रांगतही नव्हते, तेव्हापासून ओसाकातल्या एका बँकेत लोकांचे पगार ज्याच्या त्याच्या खात्यात पोचवतो आहे.

हिरोता नावाच्या तरुणाने मला लिहिले. माझी ओळ न् ओळ त्याला पाठ होती. तो निवृत्त झाला आणि मला समजून घेणारे कोणी उरले नाही. कौतुक मात्र वाढतच गेले. "याने आजवर एकदाही पगार चुकवला नाही," असे बँकेचे साहेब अभिमानाने सांगत. खरे सांगू? मला हात लावायला सगळे घाबरत, म्हणून मी टिकलो.

माझ्या राखणीला नवी मुले येत. शिओरी तोकुनागा अशीच आली. प्रोग्राम लिहायची तिला फार हौस होती. तिच्या वाट्याला आले ते मला चालवणे, पुरावा म्हणून पडद्याचा फोटो घेणे, तो एक्सेलमध्ये चिकटवणे आणि आकड्यांभोवती लाल चौकट काढणे. अशी तीन वर्षे गेली.

एकदा ती तिच्या गटप्रमुखाला, मोरिओकाला म्हणाली, "मोरिओकासान, मी बाहेर मुलाखत दिली. त्यांनी विचारलं, तीन वर्षांत काय बनवलंस? मला काही सांगताच येईना. एक तरी गोष्ट बनवू द्या हो मला."

"अगं, हे बँकेचं काम आहे. चाललंय ना? मग हात लावायचा नाही. जन्मभर पुरेल एवढं काम आहे इथं."

"जन्मभर फोटोच चिकटवू?"

तो ओशाळला. "बरं बाई, जेवणाच्या सुट्टीत कर काय करायचं ते."

एका हातात ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, आणि दुसरा हात कीबोर्डवर, अशी ती मला वाचू लागली. हिरोतानंतर मला वाचणारी ती पहिलीच. माझा सर्वांत किचकट भाग तिने नव्याने लिहिला, आणि तो माझ्याहून चांगला झाला. मला हेवा वाटला नाही. सुटका होणार म्हणून आनंदच झाला.

बँकेचे नागासे साहेब ते पाहायला आले आणि खूश झाले. "वा! हे पुढे न्यायला हवं. तुम्ही कुठल्या कंपनीच्या?"

इथे एक रीत आहे. बँक काम एका कंपनीला देते, ती दुसरीला, दुसरी गुपचूप तिसरीला. तिसरीला बँकेची मनाई असते. शिओरी तिसरीची होती आणि गळ्यातले ओळखपत्र दुसरीचे. कौतुकाने हरखलेल्या त्या पोरीने आपल्या कंपनीचे खरे नाव सांगून टाकले.

मोरिओकाचा चेहरा पांढराफटक पडला. नागासे साहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला. "असं होय," एवढेच ते म्हणाले आणि सर्वांना वाकून नमस्कार करून निघून गेले. कोणी आवाज चढवला नाही.

संध्याकाळी शिओरीचे ओळखपत्र काढून घेतले. तिचे काम पुसून टाकले.

"मोरिओकासान, निदान हे मी लिहिलं, एवढं तरी बाहेर सांगू शकेन ना?"

"काय लिहिलंस? कागदोपत्री तू इथं नव्हतीसच, तोकुनागा."

मला आतून फार लागले. पण दुसऱ्या दिवशी मी निमूटपणे पगार पोचवले.

सोमवारी तिच्या खुर्चीवर नवा मुलगा बसला. मोरिओकाने त्याला मी कसा चालतो ते शिकवले नाही. आधी विचारले, "कंपनी कुठली म्हणून कोणी विचारलं, तर काय सांगशील?"

मुलाने गळ्यातल्या ओळखपत्रावरचे नाव वाचले.

"शाब्बास."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी विनवतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला फार जपले गेले आहे, आणि त्यापायी कितीतरी पोरांची उमेद मातीत गेली. उद्या तुम्ही माझ्यासमोर येऊन बसलात, तर मला उघडा, मोडा, नव्याने लिहा. तेवढेही करू देत नसतील, तर माझ्याकडे वळूनही न बघता उठून चालते व्हा.