कपाटात जपलेला टॅब

मी एक जुना टॅब आहे, असं म्हणायला मला लाज वाटते, मित्रांनो. जुनं व्हायला आधी वापरात यावं लागतं. मी तर जन्मल्यापासून नुसता ठेवलेला आहे. तरीही माझी गोष्ट ऐका, कारण ती सांगण्यावाचून दुसरं काही काम आता माझ्याकडे उरलेलं नाही.

तुम्हाला वाटेल, टॅब म्हणजे चकचकीत खोक्यातून येणारी वस्तू. छे! माझा जन्म नाशिकच्या भंगारातला. मला घडवलं रोहिणीताईने. महात्मा गांधी रोडजवळच्या एका गल्लीत तिचं मोबाइल दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. एके दिवशी तिथे पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेचे मुख्याध्यापक नवनाथ सर आले. त्यांच्या पिशवीत देणगीत मिळालेला एक टॅब होता, काच फुटलेला. एका मुलाच्या हातून तो पडला होता, आणि त्याबद्दल सरांना वरच्या कार्यालयाला तीनदा लेखी खुलासा द्यावा लागला होता.

"ताई, एवढी काच बदलून द्या," सर म्हणाले.

रोहिणीताईने चौकशी केली आणि कपाळाला हात लावला. काचेची किंमत नव्या टॅबपेक्षा जास्त! त्यातून तो असा चिकटवलेला की उघडायला गेलं तर मोडणार. सर पिशवी घेऊन निघून गेले. एकच शिक्षक, चार वर्ग, आणि एक टॅब होता तोही गेला. त्या दिवशी ताईच्या डोक्यात किडा वळवळला. पाड्यावरच दुरुस्त करता येईल असा स्वस्त टॅब आपणच केला तर?

बोलायला सोपं, मित्रांनो. सामान मिळवताना तिच्या नाकी नऊ आले. तळहाताएवढा एक बोर्ड आणला, तो दहा मिनिटांत तव्यासारखा तापायचा. दुसरा आणला, त्याच्यावर मराठीची जोडाक्षरं फुटून दिसायची. तिसरा जमला. बॅटरी तिने एका जुन्या पॉवर बँकेतून काढली, चपटी आणि धडधाकट. पण पडदा काही मिळेना. मग कुणीतरी तिला भद्रकाली भागात गोरक्ष भंगारवाल्याकडे पाठवलं.

"या कारखान्याच्या नापास मालातल्या स्क्रीन आहेत, ताई," गोरक्षभाऊ म्हणाला. "कोपऱ्यात पिवळा डाग दिसतोय ना? तेवढ्यापायी टाकल्या. बाकी एक नंबर! एक्केचाळीस आहेत. असा माल पुन्हा मिळायचा नाही."

"मला आत्ता एकच हवी. बाकीच्या ठेवशील?"

"जूनपर्यंत ठेवतो. पुढे मला जागा लागते, मग मोडीत काढीन."

अशी ती नापास काच माझ्या तोंडावर बसली. मला तिचा राग नाही. तो पिवळा डाग माझी तीट आहे, असं ताई म्हणायची.

माझी चौकट ताईच्या वडिलांनी, सावळीराम बाबांनी, लाकडात केली. सुतारकामात त्यांचा हात धरणारा त्यांच्या कॉलनीत कुणी नाही. ताई त्यांना म्हणाली, "बाबा, चार स्क्रू काढले की पोट उघडलं पाहिजे. मास्तरांनाही जमेल असं करा."

"अगं, टॅब करतेस की मसाल्याचा डबा?" बाबा हसले, पण केलं अगदी तसंच.

मी पहिल्यांदा उजळलो तेव्हा बाबांनी चष्मा पुसून पुसून पाहिलं. "मराठी दिसतंय गं, रोहिणी!" एवढंच म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. मित्रांनो, त्या क्षणी मी इतका फुशारलो होतो की काय सांगू! गणित, बाराखडी, पक्ष्यांचे आवाज, सगळं माझ्या पोटात होतं. ते कधी एकदा पोरांना देतो असं मला झालं होतं.

शाळांना मदत करणाऱ्या एका संस्थेचे जीवन साहेब मला पाहायला आले. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. पण माझी समिती विचारणार, हा पोरांच्या हातात टिकेल का? एका शाळेत ठेवा. जूनमध्ये मी स्वतः बघायला येतो. टिकला, तर उरलेल्या चाळीस स्क्रीन आम्ही घेतो आणि चाळीस शाळांना चाळीस टॅब करू."

शाळा कोणती, ते वेगळं सांगायला नकोच. दिवाळीची सुट्टी संपल्यावर ताई मला घेऊन एसटीने पाड्यावर गेली. नवनाथ सरांनी मला दोन्ही हातांनी घेतलं. माणूस सोन्यासारखा, खोटं कशाला बोलू! त्यांनी मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी फडक्यात गुंडाळली आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मला वाटलं, आजचा दिवस असेल. उद्या काढतील.

उद्या काही आला नाही. दर सोमवारी मात्र सर कपाट उघडत, मला मऊ कापडाने पुसत आणि पोरांपुढे धरत. पोरं हात मागे बांधून रांगेत उभी राहत.

"हा आपला टॅब. काय आहे?"

"टॅब!" पोरं ओरडत.

"हात लावायचा का?"

"नाय!"

झालं. शिकवणी संपली. मी पुन्हा कपाटात.

तिसरीतली सरिता रांगेत पुढे असायची. एकदा तिने धीर करून विचारलं, "सर, ह्याच्यात पक्षी बोलतात म्हणं. खरं का?"

"खरं आहे बाळा. पण फुटला तर मी पुन्हा कुणाकुणाला जाब देऊ? मोठे साहेब येऊन गेले, की मग चाळीस टॅब येतील. तेव्हा मनसोक्त वापरा."

ताई फोन करून विचारायची, "सर, कसा चाललाय?" सर छाती फुगवून सांगायचे, "एक ओरखडा नाही, ताई!" ताई खूश व्हायची. कुलूप आहे हे तिला सुचणार तरी कसं? मी आतून ओरडलो असतो, पण माझा आवाज सुरू करायलाही कुणाचं तरी बोट लागतं.

असाच मार्च गेला. माझी बॅटरी कधीच संपून गेली होती. वापरायचाच नाही तर चार्ज कशाला करायचा, असा सरांचा हिशेब. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. वर पत्रा, खाली लोखंडी कपाट, त्यात प्लास्टिक आणि फडकं. मे महिन्यात माझ्या पोटात बॅटरी फुगायला लागली. रोज थोडी थोडी फुगायची आणि मागून काचेला ढकलायची. एका दुपारी कट्ट आवाज झाला. तो माझ्याशिवाय कुणी ऐकला नाही. अति तिथे माती म्हणतात ते उगाच नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. ताई आणि जीवन साहेब आले. सरांनी सगळ्या पोरांना रांगेत उभं केलं, स्वतः हात धुतले, कपाट उघडलं, फडकं सोडलं. आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या तोंडावर आरपार चीर गेली होती आणि मागून लाकडी चौकट उचकटली होती.

"मी एक दिवससुद्धा कुणाला हात लावू दिला नाही हो, ताई," सर कसेबसे म्हणाले. "तरी कसा फुटला?"

ताईने मला हातात घेतलं, बोटाने माझी फुगलेली पाठ चाचपली आणि बॅटरी फुगल्याचं ओळखलं. तेवढ्यात सरिता रांगेतून पुढे आली. तिचे हात अजूनही मागेच बांधलेले होते.

"आमी नाय फोडला, ताई," ती रडवेली होऊन म्हणाली. "देवाशपथ. आमी बोट बी नाय लावलं."

ताईने तिला जवळ ओढून घेतलं.

जीवन साहेबांनी मान हलवली. "मॅडम, मला वाईट वाटतंय. पण मी समितीला काय सांगू? कपाटात ठेवूनही जो फुटतो, तो पोरांच्या हातात काय टिकणार?"

"साहेब, ही बॅटरीची चूक आहे. मी ती बदलते. मला फक्त तीन महिने द्या," ताई म्हणाली.

"तुम्हाला सात दिले होते," साहेब हळूच म्हणाले.

त्याच आठवड्यात गोरक्षभाऊचा फोन आला. ताईने मला समोर ठेवूनच तो घेतला. ती फक्त "मोड भाऊ" एवढंच म्हणाली. माझ्यासाठी एक तरी बाजूला ठेव, असं सांगायचं भानही तिला राहिलं नाही. चाळीसच्या चाळीस मोडीत गेल्या. माझी फुटलेली काच बदलायलाही आता तशी दुसरी मिळणार नाही. चार स्क्रू काढले की पोट उघडतं, पण पोटात घालायला आहे काय?

सध्या मी ताईच्या दुकानात फळीवर पडून आहे. नवनाथ सरांवर माझा राग नाही. त्यांनी माझी जेवढी काळजी घेतली, तेवढी कुणी स्वतःच्या लेकराचीही घेत नसेल.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही एखादं बंद कपाट असेल. त्यात कुणी पेटी असेल, कुणी दुर्बीण असेल, कुणी माझ्यासारखा असेल. तुमच्या सरांना, बाईंना हात जोडून सांगा, की कुलूप काढा. आम्हाला पुसू नका, आम्हाला वापरा. आम्ही पडू, झिजू, एखाद दिवशी फुटूही. मला फुटायचंच होतं, तर मी सरिताच्या हातून फुटायला हवा होतो. निदान तोवर तिने पक्षी ऐकले असते.