चांगुणाबाईंची अट

"मोटार वर काढून ठिवलीय, इथंच बघ की," गुरुलिंगअण्णा म्हणाले. "खाली काय सोनं हाय?"

चांगुणाबाई विहिरीच्या काठावर उभ्या होत्या. समोर बाभळीखाली जळालेली मोटार पडली होती आणि तिच्याभोवती आमच्या पाणीपुरवठा सहकारी संस्थेचे पंच जमले होते. मीही होतो. गुरुलिंगअण्णा संस्थेचे चेअरमन आणि मी सेक्रेटरी. चेअरमन जिथं उभे राहतील तिथं सेक्रेटरीनं उभं राहायचं, हे आमच्या नोकरीचं पहिलं कलम.

"मोटार जळली ती दिसायलीय, अण्णा. का जळली ते पेटी सांगंल. आन पेटी खाली हाय."

"पेटीनंच तर जाळली."

"मंग बघू द्या."

"आमचा गडी सिदू काढून आणंल वर."

"न्हाय. हाय तशी, हाय तिथं बघणार. सिदूचा हात लागला की पुरावा गेला."

जळकोटपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. साल १९८६. बौद्धवाड्यातल्या माणसानं गावकऱ्यांच्या विहिरीत उतरायचं नाही, हे कुठं लिहिलेलं नव्हतं आणि कुणी तोंडानं म्हणतही नसे. मोटार बिघडली की चार गडी दोरानं वर ओढायचे, चांगुणाबाई ती नेऊन भरायच्या, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायच्या, आणि गडी परत खाली सोडायचे. यात सगळ्यांची सोय आहे, असं आम्ही शहाणी माणसं समजत होतो.

आता ही पेटी काय होती ते सांगतो. मोटारीला वीज तीन तारांनी येते. त्या दुष्काळी सालांत विहिरीला पाणी कमी आणि तारेला वीज त्याहून कमी. तीनातली एक तार अचानक मरायची. मोटार मात्र उरलेल्या दोन तारांवर रडत-कण्हत फिरत राहायची आणि तासाभरात जळून जायची. चांगुणाबाईंची पेटी हे ओळखायची आणि मोटार आपोआप बंद करायची.

बाई मोटार भरायला शिकल्या सोलापुरात, भावाच्या दुकानात. नवरा वारल्यावर सासरच्या गावी परत आल्या आणि फाट्यावर पत्र्याचं दुकान घातलं. जळक्या मोटारींवर त्यांचं पोट. तेव्हा मोटार जळूच नये म्हणून पेटी बनवायला घेतली, तर लोक हसले. मीही हसलो.

"तीच मोटार सालात चारदा भरायची म्हंजे मढ्याला आंगुळ घातल्यावानी वाटतंय," त्या म्हणाल्या होत्या.

पहिली पेटी त्यांनी डालड्याच्या डब्यात बसवली. लोखंड मोडक्या स्टार्टरचं, तांबं जळक्या मोटारीतलं, जे काही शाबूत निघालं ते. ती दिराच्या मोटारीला जोडली आणि महिनाभर भाकरी बांधून त्या मोटारीजवळ जाऊन बसल्या. कधी बंद पडली, का पडली, उगाच पडली का, हे शाळेच्या वहीत लिहीत. सात वेळा उलगडली आणि सात वेळा पुन्हा बांधली.

मला सल्ले द्यायची भारी हौस. मी धाराशिवला जाऊन सरकारी बीजभांडवलाच्या कर्जाचा फॉर्म आणला. त्यात प्रश्न होता, कारखान्यात कामगार किती?

"येक," त्या म्हणाल्या. "तीबी इधवा. लिव्हा."

मी लिहिलं. त्यांनी फॉर्म परत दिला.

"कर्ज काढलं की पेटी लौकर इकाया लागंल, सेक्रेटरी. मला ती बराबर व्हईस्तवर थांबायचंय. आधी येक चालू द्या. मंग दुसरी."

दीड वर्षानंतर पेटी खरंच बरोबर झाली. मग मी दुसरा सल्ला दिला. संस्था सभासदांसाठी अकरा पेट्या घेईल. "तुम्ही फक्त बनवा. बसवायला सभासदांचे गडी आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी असं का म्हणतोय हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं होतं. तरी त्या बरं म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी माझा हा एकच सल्ला ऐकला.

आणि आता अण्णांची मोटार जळाली होती. पंचांचा निर्णय झालेला होता. चांगुणाबाईंनी मोटार फुकट भरून द्यायची, अकराही पेट्या उचलायच्या आणि पुन्हा कुणाच्या मोटारीला आपली पेटी लावायची नाही. दीड वर्षाचं काम त्या दुपारी मातीत जाणार होतं. विहिरीतलं पाणी आटत गेलं तशी मोटार दोनदा खालच्या टप्प्यावर उतरवली होती. तिच्यासोबत स्टार्टर आणि पेटीही खालच्या कोनाड्यात गेली होती.

चांगुणाबाईंनी पदर खोचला, पक्कड आणि टेस्टर कमरेला लावला आणि पायरीवर पाय ठेवला.

"चांगुणे," अण्णा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सिदू पुढं सरकला.

बाई वळल्या नाहीत. "इहीर तुमची, अण्णा. मोटारबी तुमची. पेटी माझी हाय. तिच्याकडं जायाला म्या कुणाला इचारणार न्हाय."

त्या उतरत गेल्या. सिदूनं अण्णांकडं पाहिलं, अण्णांनी पंचांकडं, पंचांनी माझ्याकडं. मी चपलेतला खडा काढत बसलो. खडा नव्हता.

"सेक्रेटरी," खालून हाक आली. "खाली या. म्या येकटीनं बघितलं तर कुणी खरं मानायचं न्हाय."

मी उतरलो. कोनाड्यातल्या पेटीचं झाकण त्यांनी उघडलं होतं. आत जो पट्टा खाली पडून मोटार बंद करतो, त्याच्याखाली बाभळीची बोटभर काडी ठोकून बसवली होती. चांगली तासलेली, मापात बसणारी. पट्टा पडूच शकत नव्हता.

त्यांनी काडी काढली नाही. पंचांना एकेक करून खाली बोलावलं आणि दाखवली. सगळ्यांत शेवटी अण्णा आले. वरून सिदू म्हणाला, "मालकच म्हनले व्हते. पेटी सारकी मोटार बंद पाडती, खाली उतरून चालू करस्तवर लाइट जाती, आन ऊस वाळतो."

अण्णांनी वाकून काडी पाहिली. मग म्हणाले, "बरं. चूक सिदूची. तू मोटार भर, मजुरी घे. पेट्या ऱ्हाऊ दे."

"चूक सिदूची न्हाय. माझी हाय." त्यांनी पेटीचं झाकण रागानं खाडकन लावलं. "म्या दुसऱ्याच्या हातानं बसवून घेतली. म्या हितं दोन दिस बसले असते तर कळलं असतं, की बंद पडलेली मोटार मानसाला सोसत न्हाय. काडी घालाया जागाच ठिवली नसती. अकराच्या अकरा पेट्या उद्या घिऊन जानार."

"अगं, पंच ऱ्हाऊ दे म्हणायलेत," अण्णा म्हणाले.

"म्या न्हाय म्हणायले."

मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. तो मी कुणाला दिसू दिला नाही, ही माझी लायकी.

दोन महिन्यांत पेटी बदलली. मेलेली तार जिवंत झाली की मोटार आपोआप सुरू होऊ लागली, म्हणजे काडीची गरजच संपली. दुकानावर पत्र्याची पाटी लागली: "पेटी मी स्वतः विहिरीत उतरून बसवीन. चालत असेल त्यांनीच यावे." अकरांपैकी चारजण परत आले. अण्णा आले नाहीत. आणि सेक्रेटरीचं घरही त्या चारांत नव्हतं.

मी आईला विचारलं होतं. माझी आई द्वारकाबाई म्हणाली, "आपल्या इहिरीवर देव हाय." मी वाद घातला नाही. तालुक्याच्या सभेत मी पुष्कळ वाद घालतो.

त्या उन्हाळ्यात आमची मोटार दोनदा जळाली. दोन्ही वेळा मी ती बैलगाडीत घालून फाट्यावर नेली. चांगुणाबाईंनी नीट भरून दिली आणि पेटीचं नावही काढलं नाही. तिसऱ्यांदा जळाली तेव्हा लिंबाची बाग पिवळी पडली होती. आई म्हणाली, "जा, बलव तिला. उतरू दे."

मी धावतच गेलो.

"येते की," चांगुणाबाई म्हणाल्या. "पन इहीर तुमच्या आईची हाय. त्यांनी सोता येऊन बलवावं."

निरोप ऐकून आई लाल झाली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ऐन दुपारी पायताण घालून निघाली. मी मागं चालत होतो, बरोबर चालायची हिंमत नव्हती.

चांगुणाबाई तारेचे वेढे घेत होत्या. आई पत्र्याच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "आलेय म्या."

"आत या, आक्का. बसा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मधीच थांबलं की मोजणी चुकती. दोनशे बारा. दोनशे तेरा."

बसायला एक गोणपाट होतं, त्यांच्या शेजारीच. आईनं त्याच्याकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. उन्हात तिला उभं राहवत नव्हतं. दोनशे चाळीस झाले, दोनशे पन्नास झाले. बाईंचा हात एका लयीत फिरत होता.

तीनशेच्या सुमाराला आईनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, गोणपाटावर बसली आणि मोजणी संपायची वाट पाहू लागली.