गुण न आलेल्यांचं रक्त

“दार सोडा,” प्रभावती म्हणाली.

तिचा नवरा जयपाल उंबऱ्यातून हलला नाही. “कशापायी जायाचं आता? गाठ परत वाढली म्हणून सांगितलंय की डॉक्टरांनी. शेक लागू पडला न्हाई. मग रगत कशाला द्यायचं? हाय तेवढं अंगात ऱ्हाऊ दे.”

“मी येणार म्हणून सांगितलंय.”

“मग न्हाई येत म्हणून सांग.”

डाव्या हातानं भिंत धरून ती चपला घालत राहिली. उजवं पाऊल काही केल्या आत सरकेना. जयपाल थोडा वेळ बघत राहिला, मग खाली बसला आणि त्यानंच चप्पल तिच्या पायात घातली. तोंड मात्र थांबलं नाही.

लग्न होऊन हुपरीत आल्यापासून प्रभावती पैंजणांना घुंगरं जोडत आली होती. गेल्या दिवाळीत तिच्या उजव्या हातातून चिमटा निसटायला लागला. थकवा असेल म्हणून तिनं ते अंगावर काढलं. मग एके दिवशी कामावरच झटका आला आणि कोल्हापुरात मेंदूतली गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पाठोपाठ किरणांचा शेक. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट आवळून टेबलावर निपचित पडायचं. पहिल्या दिवशी तिचा जीव घुसमटला. दुसऱ्या दिवशी कुणी हात द्यायच्या आधीच ती टेबलावर जाऊन बसली.

तिथंच तिला डॉक्टर संयोगिता भेटल्या. त्या अशा गाठींवर संशोधन करत होत्या.

“गाठीतल्या पेशी रक्तात बारीक बारीक पुड्या सोडत असतात, मावशी. साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या. आत त्या पेशीचाच माल असतो. शेक दिला की तो माल बदलतो. तो आम्हाला वाचता आला, तर शेक कुणाला लागू पडतोय आणि कुणाला नाही, हे कदाचित लवकर कळेल.”

“मला काय उपयोग त्याचा?”

“तुम्हाला नाही. झालाच तर पुढच्यांना.”

“घ्या मग,” प्रभावती म्हणाली होती.

परवा त्यांचाच फोन आला. शेवटचा नमुना राहिलाय, पण आता नाही आलात तरी चालेल, असं त्या चाचरत म्हणाल्या.

“गुण न आलेल्याचं रगत काय कामाचं?” प्रभावतीनं विचारलं.

“खरं सांगू? आम्हाला तेच कमी पडतं. बरं वाटलेली माणसं परत येतात. बाकीची येत नाहीत. दोन्हींचं रक्त शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळायचा कसा?”

त्या फोननंतर तिचं ठरलं ते ठरलं.

एसटीत जयपाल तिच्या शेजारी बसला. दवाखान्यात वर्षाराणी सिस्टरनं तिच्या दंडाला पट्टा बांधला. औषधांनी शिरा पार आत गेलेल्या. सुई एकदा टोचली, दुसऱ्यांदा टोचली. रक्त येईना.

“बास करा!” जयपाल ओरडला. “माणूस हाय का चाळण?”

सिस्टरनं हात मागं घेतला.

“तुम्ही घ्या, बाई,” प्रभावती म्हणाली. “मी हलत न्हाई. आणि तुम्ही वो, ओरडण्यापरीस हात धरा माझा.”

जयपालनं तिचं मनगट धरलं. या वेळी शीर सापडली आणि नळीत रक्त चढायला लागलं. त्यानं मान फिरवली. ती मात्र नळी भरेपर्यंत बघत राहिली.

जरा वेळ बसून जा, म्हणून सिस्टरनं त्यांना बाहेर बाकावर बसवलं. शेजारी आजऱ्याचा कृष्णात नावाचा एक पेशंट बसला होता. काजूच्या कारखान्यात कामाला. आज त्याचा पहिला शेक. सोबत आलेला भाऊ खाली औषधं आणायला गेलेला.

“मावशी, ते तोंड आवळत्यात म्हणं. जीव गुदमरतोय व्हय?”

“पयल्यांदा वाटतं तसं. डोळं मिटायचं नि निवांत श्वास घ्यायचा. हात वर केला की सोडवत्यात ती.”

त्यानं मान डोलावली. मग हळूच विचारलं, “तुमास्नी गुण आला न्हवं?”

जयपाल फरशीकडं बघायला लागला.

“न्हाई आला,” प्रभावती म्हणाली. “पर सगळ्यांचं सारखं नसतंय बाबा. तुझं तुला बघाय पायजे.”

आतून कृष्णातच्या नावाचा पुकारा झाला. तो उठला. डोक्यावरची टोपी त्यानं काढली, तसे ताजे टाके उघडे पडले. टोपी कुठं ठेवावी त्याला कळेना.

कोपरात कापूस दाबलेला डावा हात प्रभावतीनं पुढं केला. “आण हिकडं. जा तू. मी हाय हितं.”

दार लागलं. हुपरीची गाडी गाठायची होती. जयपाल उठला, घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा बाकावर टेकला.

टोपी मांडीवर ठेवून प्रभावती त्या बंद दाराकडं तोंड करून ताठ बसून राहिली.