गोलकीपर लावायचा राहिला

मी एक जुना खेळ आहे, मित्रांनो, पण मला माळ्यावर किंवा कपाटात शोधू नका. मी फोनमध्ये राहतो. हिरवं मैदान आणि दोन्ही बाजूंना अकरा-अकरा बटणं, एवढाच माझा संसार. हल्लीच्या खेळांचा झगमगाट माझ्याजवळ नाही. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मलाच खात्री नाही. तरी सांगून बघतो.

फोनमध्ये येण्याच्या खूप आधी मी एका टेबलावर होतो. एक आई घरी शिवणकाम करायची. कापड बेतण्याचं तिचं टेबल चांगलं लांबरुंद होतं. दुपारी ती मशीनवर बसली की टेबल रिकामं व्हायचं. मग तिची दोन मुलं, दादा आणि धाकटी ठमी, त्यावर शिवणाच्या खडूने मैदान आखायची. कोटाची बटणं पुढे खेळायची, ओव्हरकोटची जाड बटणं बचावाला. शर्टाचं इवलंसं बटण म्हणजे चेंडू, आणि चिंध्या ठासून जड केलेली काडेपेटी म्हणजे गोलकीपर. पाळीपाळीने टिचकी मारायची. एक नियम मात्र कडक होता. गोलवर मारायचं असेल तर आधी ‘सांभाळ!’ म्हणायचं, आणि समोरचा गोलकीपर नीट लावून ‘हं’ म्हणेपर्यंत थांबायचं. मग कितीही वेळ लागो.

दादा हा नियम पाळायचा. फक्त चेंडू सुटला की त्याच्या सदऱ्याची बाही काडेपेटीला हळूच लागायची आणि ती बोटभर सरकायची.

“दादा, बाही!”

“बाही कुठली? वारा आला.”

“खिडक्या बंद आहेत!”

“मग मशीनचा आला असेल. आई, जरा हळू चालव गं!”

आई हसायची आणि पाय आणखी जोरात मारायची.

ठमी मोठी झाली, संगणकाचे प्रोग्रॅम लिहू लागली. सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बसून तिने मला घडवलं. आईच्या डब्यातली बटणं तिने एकेक करून तोलली, कोणतं किती घसरतं ते पट्टीने मोजलं. दोघं दूर राहत असले तरी खेळू शकतील अशी सोय केली. एकाने आपली पाळी खेळायची, दुसऱ्याने सवडीने आपली. ज्याला जोडीदार नाही त्याच्यासाठी फोनच खेळेल असा एक भिडू तिने रचला आणि त्याचं नाव ठेवलं ‘दादा’. हा भिडू हरायला आला की त्याची काडेपेटी सरकायची आणि पडद्यावर अक्षरं उमटायची, ‘वारा आला!’

लोकांना ते फार आवडलं. दवाखान्यातल्या परिचारिका चहाच्या सुट्टीत मला उघडायच्या. न्हाव्याच्या दुकानात अनोळखी माणसं माझ्यावरून हमरीतुमरीवर यायची. एका आजोबांनी लिहिलं, ‘आमच्या लहानपणी गोलकीपर खोडरबराचा असे.’ ठमीने ते पत्र तीनदा वाचलं.

पण खरा दादा एव्हाना साहेब झाला होता. दुकानांतले वजनकाटे तपासणं हे त्याचं काम. केसभर हललेला काटा त्याला चालत नसे. मी त्याच्या कचेरीत पोचलो, आणि खेळ साहेबांच्या बहिणीचा, म्हणजे ‘दादा’ साहेबच, हे कळल्यावर आधी शिपाई हसला, मग कारकून. एके दिवशी दादाने एक काटा खोटा ठरवला, तर दुकानदार चारचौघांत म्हणाला, “साहेब, काटा बरोबर आहे हो. वारा आला असेल!”

त्याच दुपारी दादाने बहिणीला फोन केला. मी फोनमध्येच राहतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

“ठमे, मी लबाड आहे का गं?”

“अरे, गंमत होती ती!”

“तुझी गंमत झाली, पण माझ्या शब्दाला कुणी विचारेना.”

“मग बाही लावायचास की नाही?”

“दहा वर्षांचा होतो मी!”

“बरं झालं, कबूल तरी केलंस,” ठमी म्हणाली. ही हसण्याची वेळ नव्हती, पण ती हसली. दादाने फोन ठेवून दिला.

त्या वेळी दोघांचा एक सामना माझ्यात चालू होता. ठमीने ‘सांभाळ!’ म्हटलं होतं. दादाने गोलकीपर लावायचा होता. त्याने लावला नाही. त्याला मला काढूनही टाकता आलं असतं, तेही त्याने केलं नाही. आई दोघांशी वेगवेगळं बोलायची आणि दोघांनाही सांगायची, “एकाच ताग्यातलं कापड तुम्ही, आटलात तरी वेगळे किती होणार?” हट्टात कुणी कुणाला हार जाईना. चार वर्षं गेली.

त्या चार वर्षांत मी म्हातारा झालो. नवे फोन आले, त्यांच्यावर माझी बटणं अडखळू लागली. एकेकाने मला पुसून टाकलं. शेवटी ठमीला सूचना आली की महिनाअखेरपर्यंत खेळ नव्या फोनांजोगा केला नाही, तर तो बंद होईल आणि त्यातले सामनेही पुसले जातील.

ठमीने मला उघडलं. अर्धवट सामन्यांच्या यादीत एकच नाव होतं, खऱ्या दादाचं. तिने मला बंद केलं. मला वाटलं, झालं, आपलं आटोपलं.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. बटणं पुन्हा धावती केली. ‘दादा’ नावाचा भिडू काढून टाकला आणि त्याच्या जागी नवा भिडू आणला, ‘ठमी’. तो जे करतो, ते लहानपणी आपण करायचो, हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

आठवड्याने दादाच्या कचेरीतला कारकून तणतणत आला. “साहेब, ही ठमी कोण हो? मी पाणी प्यायला उठलो, तेवढ्यात हिने चेंडू पुढे सरकवला! आणि वर म्हणते, ‘मी तर जागची हललेच नाही!’”

दादाने आपला फोन हातात घेतला, मला उघडलं. खेळता खेळता मुद्दाम फोन पालथा ठेवला, पुन्हा उचलला. चेंडू बोटभर पुढे होता. त्याने लगेच बहिणीला फोन लावला.

“ठमे.”

“हं.”

“लहानपणी एका सुट्टीत मी ओळीने नऊ सामने हरलो होतो.”

“हो.”

“आई मला सारखी कात्री द्यायला उठवायची.”

“हो, दादा.”

“चोरटे!” तो इतका हसला की शिपाई धावत आला. मग त्याचा आवाज उतरला. “माझं नाव का काढलंस?”

“तुला लागलं होतं ना. चुकलंच माझं. आधी विचारायला हवं होतं.”

“आता विचार.”

“ठेवू का परत?”

“ठेव. दोघंही चोर असू देत. एकट्याची बदनामी नको.”

मग त्याने तो अडकलेला सामना उघडला. काडेपेटी डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पुन्हा मधे आणली.

“अरे, किती वेळ?” ठमी म्हणाली.

“चार वर्षं थांबलीस, आता घाई कसली?” म्हणत त्याने सावकाश गोलकीपर लावला. ठमीने टिचकी मारली. गोल झाला. काडेपेटी तसूभरही हलली नाही.

“झाला गोल,” दादा म्हणाला. “आता माझी पाळी.”

मित्रांनो, माझ्यासारखे जुने खेळ तुमच्याही फोनमध्ये पडून असतील. जागा अडते म्हणून आम्हाला काढून टाकावं लागतं, ते मला कळतं. पण त्याआधी एकदा उघडून बघा. आत पाळी कुणाची आहे ते पाहा. तुमची असेल, तर खेळून टाका.