किल्ली कोणाच्या हातात

सत्यजितला प्रोजेक्टचा प्रमुख केल्याचं जाहीर झालं, तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या नंदिनीने. थांबवल्याही तिनेच, सगळ्यांच्या आधी.

जर्मनीत हॅनोव्हरमधल्या त्या सल्लागार कंपनीत ती अकरा वर्षं होती. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या इंटरनेट केबलचा समुद्रतळावरचा मार्ग तिने आखला होता. कुठे खडक आहे, कुठे गाळ, मच्छीमारांच्या बोटी कुठे नांगर टाकतात, सगळं तिला तोंडपाठ. पुण्याहून येऊन सत्यजितला जेमतेम तीन वर्षं झाली होती, आणि हे नकाशे वाचायला त्याला तिनेच शिकवलं होतं. पण तिथलं सरकार केबलमध्ये भागीदार झालं, तशी बॉस फ्राउ ब्रांडेस म्हणाली, "तर मग, आता लोकांशी बोलू शकेल असा माणूस हवा."

म्हणजे इतकी वर्षं मी काय माशांशी बोलत होते? नंदिनीच्या मनात आलं. कंपनीच्या वेबसाइटवर सत्यजितचा फोटो झळकला. त्याच्या पाठीमागे भिंतीवर तिचा नकाशा होता.

"नंदिनीताई, तुमच्याशिवाय मला हे जमणार नाही," तो म्हणाला. तो मनापासून बोलत होता, म्हणून तर तिला जास्तच राग आला. त्याने तिला सरकारशी होणाऱ्या कराराचा साठ पानी मसुदा दिला. "किनाऱ्यावरच्या गावात सभा आहे. लोकांचा सरकारवर विश्वास नाही. मागच्या निवडणुकीत आठ दिवस इंटरनेट बंद होतं म्हणे. मला नीट टिपणं काढून द्याल?"

एकेचाळिसाव्या पानावर तिला ते कलम सापडलं. 'राष्ट्रहितासाठी' आवश्यक वाटल्यास मंत्रालय किनाऱ्यावरच्या केबल स्टेशनवरून सेवा थांबवू शकत होतं. ना कोर्टाचा आदेश, ना मुदत. तिने सहा पानं टिपणं काढली, अगदी नीटनेटकी. फक्त हे कलम त्यात नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी तिने नवऱ्याला, कबीरला, हे सांगितलं. तो भांडी पुसत होता.

"तुला तो प्रोजेक्ट हवाय, की त्याचं नाक कापलेलं हवंय?"

"दोन्ही," ती म्हणाली. कबीरने पुढचं ताट पुसायला घेतलं.

सभा सकाळी दहाला ऑनलाइन सुरू झाली. ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये सत्यजित, नंदिनी आणि फ्राउ ब्रांडेस बसले होते. पडद्यावर पत्र्याचं छप्पर असलेलं सभागृह, दीडेकशे माणसं, हातात वर्तमानपत्रांचे पंखे. सत्यजित छान बोलला. मग अकोसुआ नावाच्या गणिताच्या शिक्षिका उभ्या राहिल्या.

"आठ दिवस आमची मुलं परीक्षेचे अर्ज भरू शकली नाहीत. आता सरकारच केबलचं मालक होणार. किल्ली कोणाच्या हातात असेल?"

"सरकार फक्त भागीदार आहे, मॅडम. सेवा बंद करण्याचा अधिकार करारात कुणालाच नाही. आम्ही करार पूर्ण तपासलाय."

अकोसुआबाईंनी एक कागद वर धरला आणि एकेचाळिसाव्या पानावरचं ते कलम शांतपणे वाचून दाखवलं. मसुदा त्यांच्यापर्यंत कसा पोचला, कोण जाणे.

सत्यजितचा चेहरा उतरला. त्याने भराभर टिपणांची पानं उलटली. हाच क्षण बघायला नंदिनी तीन आठवडे थांबली होती. तिला बरं वाटलं. क्षणभर अगदी मनापासून बरं वाटलं.

"खरं बोलाल अशी अपेक्षा नव्हतीच," अकोसुआबाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे सारखेच." मागच्या रांगांतली माणसं उठून जायला लागली.

सगळे. त्या सगळ्यांत नंदिनीही होती. या बाईंना तिचं नावही माहीत नव्हतं. आठ दिवस त्यांच्या वर्गाचं काय झालं, याचा नंदिनीने एकदाही विचार केला नव्हता.

तिने माइक सुरू केला. "ते कलम मी तीन आठवड्यांपूर्वी वाचलंय. सत्यजितला सांगितलं नाही. चूक त्याची नाही, माझी आहे. आणि कलम तुम्ही म्हणता तसंच आहे."

फ्राउ ब्रांडेसने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. सत्यजितने पाहिलंसुद्धा नाही.

नंदिनीला आबमानुंग मिळालं, म्हणजे लेखी ताकीद. प्रोजेक्टमधून तिला काढलं. सत्यजित महिनाभर तिच्याशी फक्त कामापुरतं बोलला. एकदा कॉफी मशीनपाशी म्हणाला, "तुम्ही मागितला असतात, तर मी तो प्रोजेक्ट सोडलाही असता, ताई." हे खरं की खोटं, तिला ठरवता आलं नाही. खरं असण्याची भीती जास्त वाटली.

गावकऱ्यांनी सह्या गोळा केल्या, तिथल्या वर्तमानपत्रांनी प्रकरण लावून धरलं, आणि कलम बदललं. आता सेवा थांबवायला कोर्टाचा आदेश लागणार होता. सत्यजित किनाऱ्यावर गेला. तिथून त्याने ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकले. नंदिनीने जो खडक टाळायला केबल चार किलोमीटर वळवली होती, त्यावर लाटा फुटत होत्या. तिने फोटो मोठा करून पाहिला. तो खडक तिने कधी पाहिला नव्हता.

अकोसुआबाईंची मेल आली. 'तुम्ही खरं सांगितलंत, पण उशिरा. का?'

तिने तीनदा उत्तर लिहून खोडलं. चौथ्यांदा लिहिलं, 'मला त्याच्या जागी बसायचं होतं, म्हणून.' आणि पाठवून दिलं.

दहा दिवसांनी आले ते केबल स्टेशनबद्दलचे सात प्रश्न. तिच्या उत्तराबद्दल एक शब्दही नव्हता. शेवटी फक्त एवढंच होतं: 'कोर्टही सरकारचंच असेल, तर?'

याचं उत्तर नंदिनीला ठाऊक नव्हतं. तिने तसंच लिहिलं, आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.