अमृतप्पाचा नकार

"अप्पा, बसा की!" रेणुकानं खुर्ची पुढं सरकवली.

"उभाच बरा हाय, पोरी. जल्मभर शिलाई मशीनीपुढं बसूनच काढला की. आता बूड संपावर गेलंय!"

अमृतप्पा हसला खरा, पण भिंतीला टेकलेला हात काही त्यानं काढला नाही. तालुक्याच्या एचआयव्ही औषध केंद्रात तो नऊ वर्षं गोळ्या न्यायला येत होता. समुपदेशक रेणुका त्याच्याच खजुरी गावची. तिचा शाळेचा पहिला फ्रॉक यानंच शिवलेला, वाढत्या अंगाचा, खाली चांगली चार बोटं दुमड ठेवून! ती त्याच्याशी सगळं बोलायची. एक सोडून.

मागच्या वर्षी कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यात नवी तपासणी सुरू झाली होती. एचआयव्ही असलेल्यांना गुदद्वाराच्या कॅन्सरचा धोका जास्त. तिथल्या पेशी आधी नुसत्या बदलतात. तेव्हाच सापडल्या तर पुढचं टळू शकतं. कापसाची काडी फिरवायची, पाच मिनिटांचं काम. रेणुकानं प्रत्येकाला विचारून 'होकार' किंवा 'नकार' लिहायचं, बस्स. बाकीच्यांना तिनं धडाधड विचारलं. अमृतप्पा समोर आला आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली. फ्रॉकाचं माप घेणाऱ्या माणसाला हे कसं विचारायचं? "गोळ्या वेळेवर घेता ना?" एवढंच विचारलं, आणि तो गेल्यावर खुशाल 'नकार' लिहून टाकलं.

आज उमादेवी डॉक्टर त्याला तपासून पडद्याबाहेर आल्या.

"गाठ लागतेय. रक्त कधीपासून जातंय?"

"चार म्हैने झाले. मूळव्याध आसंल म्हणलं."

डॉक्टरांनी फाइल उघडली. "मागच्या वर्षी तपासणीला नकार दिलात? का हो?"

अमृतप्पानं आधी फाइलकडं बघितलं, मग रेणुकाकडं. तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे.

"व्हय मॅडम, लाज वाटली. ह्या पोरीनं लई समजावलं, मीच ऐकलो न्हाई."

'लई समजावलं'! त्यापेक्षा त्यानं कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

तिनं फाइल ओढली. 'नकार' खोडला, शेजारी 'मी विचारलेच नाही' लिहिलं आणि खाली सही केली. डॉक्टरांनी ते वाचलं. मग त्यांनी कलबुर्गीची चिठ्ठी लिहायला घेतली.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "अप्पा, कामून खोटं बोललात?"

"तू इचारलं आसतंस तरी मी न्हाईच म्हणलो आसतो." तो चार पावलं चालला. "बहुतेक."

कलबुर्गीच्या बसमध्ये निम्म्या जागा रिकाम्या होत्या. "बसा की, आजोबा!" कंडक्टर दोनदा ओरडला. अमृतप्पा दांडा धरून उभाच राहिला. चिठ्ठी मुठीत घेऊन रेणुकाही त्याच्या शेजारी उभी राहिली, कलबुर्गी येईपर्यंत.