कडूबाईंच्या पाठीत तुटलेला माझा दात

मित्रांनो, मी मणक्याच्या ऑपरेशनचा एक जुना चिमटा आहे. अंगाने पेन्सिलीहून बारीक, तोंड तांदळाच्या दाण्याएवढं. अहिल्यानगरच्या एका दवाखान्यात डॉक्टर राजेश्वरी मला वापरायच्या. पाठीवर लहानशी चीर देऊन त्या नळी आत घालत, नळीतून मला सोडत, आणि नस दाबणारी मणक्यातली गादी मी कणाकणाने बाहेर आणत असे. नळीतल्या कॅमेऱ्यामुळे पडद्यावर माझं तोंड मोठं दिसे. बघणारे वाहवा करत.

एकदा धुताना मी फरशीवर आपटलो. श्रीमंत नावाच्या मदतनिसाने मला पुसून जागेवर ठेवलं. माझ्या जबड्याला केसासारखा तडा गेला होता. तो सांगायला मला वाचा नव्हती.

पुढचं ऑपरेशन शेवगावकडच्या कडूबाईंचं होतं. उसाच्या मोळ्या वाहून वाहून त्यांची पाठ गेली होती, डावा पाय बधिर झाला होता. काम संपत आलं आणि आत माझा दात तुटला. पडद्यावर थोटा जबडा दिसताच डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला. एक्स-रेत बारीक ठिपका दिसला, पण नळीतून तो सापडेना. शोधताना नसेला इजा झाली असती तर पाय कायमचा गेला असता.

मी ट्रेमध्ये गार पडलो होतो. तरी मला ऊब जाणवत होती, कडूबाईंच्या काळजाचे ठोके ऐकू येत होते. आत राहिलेला दात अजून माझाच होता. तिथूनच मी मुक्यानेच हाका मारू लागलो.

गाढ भुलीतल्या कडूबाईंचा बधिर पाय चादरीखाली हलला. डॉक्टरांचा हात थबकला. त्या पायाची नस त्यांनी हलकेच बाजूला सारली. दात तिच्याखाली होता.

कडूबाई शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी त्यांना सगळं खरं सांगितलं. श्रीमंतनेही मान खाली घालून, चिमटा आपल्याच हातून पडल्याचं कबूल केलं.  कडूबाई म्हणाल्या, "म्याडम, झोपंत कुनीतरी माझ्या पायाला हाका मारत हुतं. म्हनून हलवला. कोन हुतं?"



मित्रांनो, हातून हत्यार पडलं तर नुसतं पुसून ठेवू नका. सांगा, भिंगाखाली धरून बघा. मी आता काचेच्या कपाटात असतो, दात शेजारच्या बाटलीत. पण तिकडे शेवगावात कडूबाई चालू लागल्या, की इथे बाटली हलते.